आधी रामराम कुणी घालायचा

पिराजीचा हात वर गेला की आपल्याला काय काय मिळणार, याची यादी हंबीररावांनी मनात करून ठेवली होती. गावच्या दूध संस्थेचं चेअरमनपद. संस्थेच्या हॉलमध्ये भिंतीवर फोटो. कुठलंही उद्घाटन असलं की पहिला नारळ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वीस वर्षं नावामागं चिकटलेला 'व्हाइस' हा शब्द एकदाचा खरवडून निघणार होता. व्हाइस चेअरमनच्या वाट्याला चहा सोडून काही येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बेरीज सोपी होती. संचालक अकरा. पाच त्या धैर्यशीलचे, पाच हंबीररावांच्या बाजूचे, त्यात ते स्वतः आले. अकरावा पिराजी. पिराजी तीस वर्षं हंबीररावांचा माणूस. दर निवडणुकीत त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही त्याचीच. घराचे वासे मोजताना उंबरा कुणी मोजतं का? तसा पिराजी.

कोडोलीच्या पुढं चार-पाच किलोमीटरवरच्या या गावात हंबीररावांचा एक नेम होता. घर ते दूध संस्था या वाटेवर बेचाळीस उंबरे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायच्या वेळी हंबीरराव त्या वाटेनं पायी जायचे, आणि परत आल्यावर ओसरीवर बसून हिशेब करायचे. पैशाचा नव्हे, रामरामाचा. कोण उठून बोललं, कोण बसल्या बसल्या बोललं, कोण मोबाईलमध्ये बघत राहिलं. माणूस मतात फुटायच्या आधी रामरामात फुटतो, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि दोन निवडणुकांत तो बरोबर ठरला होता. अर्थात रामराम लहानानं घालायचा आणि मोठ्यानं घ्यायचा. हंबीररावांनी गेल्या तीस वर्षांत कुणालाही आधी रामराम घातलेला नव्हता. देवळात गेले तरी हात जोडायच्या आधी ते क्षणभर थांबत. समोरून काही येतंय का बघत असावेत.

धैर्यशीलचं सगळं उलटं. वय छत्तीस, मोटारसायकलवरून गल्लीच्या तोंडाशीच ओरडायचा, "मामा, मी धैर्यशील! रामराम! बरं हाय न्हवं?" म्हातारी असो, पोर असो, आधी हाच.

"किंमत कळत न्हाय त्याला," हंबीरराव म्हणायचे. "दिवसभर वाटत सुटलाय, जत्रंतल्या चुरमुऱ्यासारखं."

निवडीची सभा बारा तारखेला होती. त्याआधी पंचवीस दिवस हंबीररावांचे थोरले चुलते गेले. वय ब्याण्णव, त्यामुळे रडण्यापेक्षा पंगतीचीच चर्चा जास्त झाली. दहाव्याला भावकीतल्या सगळ्यांनी डोकं आणि मिशी उतरवली. हंबीररावांच्या गटातले पाचही संचालक एकाच भावकीतले. म्हणजे नदीवरून पाच गुळगुळीत माणसं परत आली, पाचांच्या डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. हंबीररावांची मिशी पंचक्रोशीत नावाजलेली. ती गेल्यावर वरचा ओठ इतका कोवळा निघाला, की घरातल्या बाईमाणसांनीसुद्धा नजर दुसरीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संस्थेत गेले. रांग लागली होती. पिराजी किटली रिकामी करून मागं वळला. समोर हंबीरराव. ते नेहमीसारखे थांबले, हनुवटी जरा वर, रामराम घ्यायच्या तयारीत. पिराजीनं त्यांच्या तोंडाकडं सरळ, निवांत बघितलं आणि मोठ्या अदबीनं विचारलं,

"काय पावणं, कुणाकडं आलायसा?"

रांगेतल्या माना वळल्या. पावणं म्हणजे परगावचा, अनोळखी माणूस. ज्या संस्थेच्या पायाच्या दगडावर आपलं नाव आहे, तिथं उभं राहून हे ऐकायचं! तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "पिराजीमामा, मी धैर्यशील! रामराम!"

"आरं ये की बाबा, ये!" पिराजीचा चेहरा फुलला.

मागं कुणीतरी तोंडावर टोपी धरून हसलं.

दुपारी ओसरीवर पाच पांढऱ्या टोप्या जमल्या.

"मी माझ्या गावात पावणा?" हंबीररावांनी चौथ्यांदा विचारलं.

"फुटला," आण्णा म्हणाला. आण्णा म्हणजे हंबीररावांचा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. बोलायचं कमी आणि मान ताठ ठेवायची, ही हंबीररावांची ढब त्यानं लहानपणापासून उचललेली.

"मिशी न्हवती म्हणून वळखलं नसंल," दुसरा भाऊबंद म्हणाला.

"मिशीच्या मागं मी हुतोच की!"

चार टोप्या खाली झुकल्या.

संध्याकाळी हंबीरराव स्वतः पिराजीच्या घरी गेले. फुटलेला माणूस घरात कसा वागतो ते बघायचं होतं. अंगणात पाय टाकतायत तोच पिराजीची बायको धोंडुबाई आतून ओरडली, "आवो, हंबीरराव आल्यात! आपलं हंबीरराव! बसा की, च्या टाकती."

पिराजी लगबगीनं उठला. "या या, हंबीरराव! रामराम! चुलत्याचं आयकलं. लई वाईट झालं."

जणू सकाळी काही घडलंच नव्हतं. चहा झाला. म्हशींचं झालं. हंबीररावांनी सकाळचा विषय काढला नाही, कारण अपमान झाला हे आपणच सांगायचं म्हणजे तो दोनदा होतो. पण डोळे उघडे ठेवले. घरात गोड, चारचौघांत परका. आणि बायको तर दारातच नाव घेऊन सावध करते! हंबीररावांना सगळं उमजलं. सौदा झालाय, आणि दोघं मिळून नाटक करतायत.

निघताना पिराजी त्यांना गोठ्यापर्यंत सोडायला आला. चौदा म्हशी. एकेकीच्या तोंडाकडं बघून बोलत होता. तेवढ्यात लांब, रस्त्याच्या पलीकडून कुणीतरी एक म्हैस हाकत चाललं होतं.

"ती बघा, वळखली का?" पिराजी म्हणाला. "तुमचीच की. दोन सालाखाली कागलच्या माणसाला दिली न्हवं का? फिरून फिरून हिकडंच आली. तोंड बगा की तिचं, कशी फसवल्यासारखी बघती अजून."

हंबीररावांना ती म्हैस ओळखू आली नव्हती. घरी जाताना मात्र डोक्यात घण पडत होते. माझी विकलेली म्हैस ह्याला अर्ध्या फर्लांगावरून ओळखू येते, आणि मी हातभर अंतरावर पावणा?

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं हा मोठा क्षण होता. एका दुर्मीळ आजाराचं नेमकं लक्षण एका माणसाच्या मनात एका वाक्यात उमटलं होतं. फक्त ते तक्रार म्हणून उमटलं होतं.

माणूस परत आणायचा तर ताटावर आणायचा, ही जुनी रीत. दोन दिवसांनी हंबीररावांनी पिराजीला गाडीत घातलं आणि कोल्हापुरात मटणाच्या खाणावळीत नेलं. घरातून निघताना धोंडुबाईनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, "हंबीररावांच्यासंगं निघालायसा, हंबीररावांच्यासंगंच परत या." मग वाटभर पिराजी त्यांना नाव घेऊन बोलत होता. तांबडा झाला, पांढरा झाला, सुकं झालं. पिराजीनं पांढरा रस्सा तीनदा मागून घेतला. बारा तारखेचा विषय काढल्यावर म्हणाला, "त्यात काय इचारायचं? सही करून दिलीया की मी. हात बी वर करतो." बोलण्यात कुठं खोट दिसेना. हंबीररावांना उलट जास्त संशय आला.

पिराजी हात धुवायला उठला. हात धुवायच्या जागेला अख्खी भिंतभर आरसा. पिराजी त्याच्या समोर गेला आणि एकदम थांबला. मग समोरच्याला वाट द्यायला अदबीनं डावीकडं सरकला. समोरचाही सरकला. पिराजी उजवीकडं झाला. समोरचाही झाला. असं तीनदा. शेवटी पिराजी हसून म्हणाला,

"काय पावणं, जावा की एकदा! का न्हाचायचं हाय माझ्यासंगं?"

हंबीररावांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. आयुष्यभर त्यांनी फुटलेली माणसं बघितली होती. काका पुतण्यापासून फुटलेला, व्याही व्याह्यापासून फुटलेला. पण स्वतःपासून फुटलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. धैर्यशील कितीही पोचलेला असला तरी आरशातल्या पिराजीला तो काय देणार?

म्हणजे हा फुटलेला नाही. ह्याला कायतरी झालंय.

खरं सांगायचं तर त्यांना पहिल्यांदा जे वाटलं, ते काळजीचं नव्हतं. हायसं वाटलं. मत शाबूत होतं.

कोल्हापुरात एका खाजगी दवाखान्यात डॉ. इरावती बसायच्या. मेंदूच्या डॉक्टर, चाळिशीच्या आतल्या, हसतमुख. हंबीररावांनी पिराजीला आणि धोंडुबाईला तिथं नेलं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीया?" पिराजी म्हणाला. "ह्यास्नीच इचारा."

"कधीपासून आहे हे?"

हंबीरराव घसा साफ करून तारीख सांगणार होते. चुलत्याचं दहावं, दुसरा दिवस, सकाळचे साडेसहा. पण त्यांच्या आधी कोपऱ्यातून आवाज आला.

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापास्नं," धोंडुबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. पिराजीही वळला.

"गोठ्यात भोवळ आली म्हणून खाली बसलं," ती सांगायला लागली. "घटकाभरानं उठून आत आलं. मी भाकरी थापत हुती. माझ्याकडं बघितलं आन म्हणलं, 'ताई, आमची मंडळी कुठं गेली?' मला वाटलं थट्टा. मी म्हणलं, गेली म्हायेरला. तर खरंच दारात जाऊन वाट बघत बसलं की."

"मग?"

"मग काय? बोलल्यावर वळखत्यात. तवापास्नं मी एकच हिरवं लुगडं नेसती. दोन हाईत, धुवून आलटून पालटून. आत जायच्या आदी बांगड्या वाजवती. दारात कोण आलं की नाव घेऊन वरडती. गल्लीतल्या बायका म्हणत्यात, धोंडुबाईला म्हातारपणी लई कंठ फुटलाय."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगून? म्हस इकत घ्यायची झाली की चार गावची माणसं ह्यास्नी बाजारात नेत्यात. डोसक्यात बिघाड झालाय म्हणलं तर कोण नेईल?"

डॉक्टरांनी पिराजीला फोटो दाखवायला सुरुवात केली. टीव्हीवर रोज दिसणारी माणसं. एकही ओळखू येईना. मग हळूच मोबाईलवर हंबीररावांचा फोटो काढून दाखवला. "कोणतरी पावणं हाईत." धोंडुबाईचा, तोंडापुरता. पिराजी बराच वेळ बघत राहिला. "बाई हाय. कष्टाची वाटती."

धोंडुबाई खिडकीबाहेर बघत होती.

"चेहऱ्यावर काय दिसतं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळं दिसतंय की. डोळं दिसत्यात, नाक दिसतंय, दात दिसत्यात. पर त्याचा माणूस हुईना."

"आन म्हशीचा हुतोय!" हंबीररावांच्या तोंडून तीन दिवसांचं साचलेलं बाहेर पडलं. "माझी दोन सालाखाली इकल्याली म्हस वळखती ह्याला, आन मी न्हाय!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

हंबीररावांनी पुन्हा सांगितलं. मग गावात आण्णाला फोन गेला, आणि अर्ध्या तासात म्हशींच्या तोंडांचे वीस फोटो मोबाईलवर येऊन पडले. पिराजी एकेक बघत गेला. "ही चंद्री. ही तिची लेक. ही दोनदा आली, आण्णा आळशी हाय. ही आमची न्हाय, शेजारची. ही बी चंद्रीच, पर फोटो जुना, शिंग मोडायच्या आदला." वीसच्या वीस.

डॉ. इरावतींनी मेंदूचा फोटो काढून घेतला. मागच्या बाजूला, उजवीकडं, रक्तवाहिनी तुंबून नखाएवढी जागा मेली होती. त्यांनी समजावून सांगितलं, की चेहरा बघून माणूस ओळखायचं काम मेंदूच्या एका ठरावीक भागाकडं असतं. तो भाग गेला तर डोळे धड असून चेहरे कळत नाहीत. या आजाराला एक लांबलचक नाव होतं. हंबीररावांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं.

"पण माणसांचे चेहरे जावेत आणि जनावरांचे राहावेत, हे फार दुर्मीळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. 'दुर्मीळ' हा शब्द त्यांनी एकूण पाच वेळा वापरला. हंबीररावांनी मोजला. बाईंनासुद्धा कुठंतरी चेअरमन व्हायचंय, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. "मी ही केस लिहून काढणार आहे. हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं?"

"माझ्या," हंबीरराव म्हणाले.

धोंडुबाईनं पदर सावरला. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

औषध रक्त पातळ करायचं, पुन्हा झटका येऊ नये म्हणून. गेलेले चेहरे परत यायची आशा कमी. "खरा उपाय तुमच्याच हातात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गावात सगळ्यांना सांगा. जो भेटेल त्यानं आधी बोलावं, आपलं नाव सांगावं. नाहीतर रोजच्या माणसांनी काहीतरी खूण ठेवावी. एखादा लाल मफलर, असं काहीतरी."

बाहेर आल्यावर धोंडुबाई म्हणाली, "हंबीरराव, थंडी पडलीया, डोस्कं बी भादरल्यालं हाय तुमचं. लाल मफलर टाका की गळ्यात."

"मी काय म्हस हाय, गळ्यात घंटा बांधून फिरायला?"

"मग गावाला तरी सांगू द्या."

हंबीररावांनी गाडीला टेकून विचार केला. सांगितलं तर धैर्यशील म्हणणार, डोक्यात बिघाड असलेला संचालक कसला? "बारा तारखंपत्तर थांबा," ते म्हणाले. "मत पडू दे. मग दवंडी पिटा. तवर कुणाफुडं ह्या गोष्टीचा शबुद काडायचा न्हाय. वचन द्या."

तीस वर्षांत अडीअडचणीला हाच माणूस उभा राहिला होता. धोंडुबाईनं मान हलवली. "दिलं. पर तुम्ही तेवढं एक करा. ह्यास्नी भेटला की आदी बोलत जावा. नाव घ्या. तेवढंच."

"बघू," हंबीरराव म्हणाले. त्यांच्या 'बघू'मधून आजवर कुणाला काही मिळालेलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस ते पिराजीच्या वाट्यालाच गेले नाहीत. सही होती, मत होतं, भेटायचं कशाला? बाकीच्या संचालकांना मात्र घरोघरी जाऊन सांभाळावं लागलं. त्यात भादरलेल्या डोक्याला थंडी बाधली आणि दहा तारखेला आवाज जो बसला तो बसलाच. अकराला तर घशातून नुसती हवा यायला लागली.

बारा तारखेला सकाळी अकरा वाजता संस्थेच्या हॉलमध्ये सभा भरली. निवड घ्यायला कोल्हापूरहून एक साहेब आले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वेळेला कडक. एका बाजूला धैर्यशील आणि त्याचे चार, मिशांसकट. समोर पाच पांढऱ्या टोप्या एका ओळीत. टोकाला पिराजी. खिडकीबाहेर बायाबापड्या गोळा झाल्या होत्या, त्यात हिरव्या लुगड्यातली धोंडुबाई.

अर्ज दोन आले. छाननी सुरू झाली, तसा धैर्यशील उठला.

"सायेब, हरकत हाय. हंबीरकाकांच्या अर्जावर सूचक म्हणून पिराजीमामांची सही हाय. मामा मला बापाच्या जागी. पर मामांना गेले कैक दिवस माणूस वळखत न्हाय. समद्या गावानं बघितलंय. मेंदूच्या दवाखान्यात बी नेलतं. आपण कुणाचं नाव सुचवलं हेच ज्याला ठावं न्हाय, त्याची सही कशी धरायची?"

हंबीररावांनी उठून बोलायचा प्रयत्न केला. हवा आली.

"आरं, मला समदं ठावं हाय!" पिराजी उसळून म्हणाला. "हंबीररावांचं नाव सुचवलंय मी. हंबीरराव सोडून दुसऱ्याचं सुचवीन व्हय?"

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. त्यांना साडेबारापर्यंत दुसऱ्या गावात पोचायचं होतं. "पिराजीराव, ते इथंच बसलेत ना? दाखवा बघू. लगेच अर्ज मंजूर करतो."

खिडकीबाहेरच्या बाया गजांना चिकटल्या.

पिराजी उठून त्या ओळीसमोर आला. पाच टोप्या. पाच सदरे. पाच ओठांवर पंधरवड्याचे सारखेच खुंट. तो एकेकाच्या तोंडाकडं वाकून बघत गेला. डोळे दिसत होते, नाकं दिसत होती. माणूस होत नव्हता. टोकाला जाऊन तो परत फिरला. कपाळावर घाम आला होता.

हंबीररावांनी खिडकीकडं बघितलं. धोंडुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. पण तो शब्द टाकायचा नाही असं वचन त्यांनीच तिच्याकडून घेतलं होतं. ती त्यांच्याकडं बघत होती, आणि तिची नजर स्पष्ट सांगत होती: आता तरी.

हंबीररावांनी मनात तागडी धरली. एका पारड्यात खुर्ची, फोटो, नारळ. दुसऱ्या पारड्यात एक रामराम. तोही धैर्यशीलच्या देखत, भरल्या हॉलमध्ये, आपल्याच माणसाला, आधी. तीस वर्षं सांभाळलेला. फार जड गेलं. पण पिराजीच्या कपाळावरचा घाम ओघळून भुवईवर आला, आणि हंबीरराव उठले. दोन्ही हात जोडले. असेल नसेल तो सगळा श्वास घशात गोळा करून ते घोगऱ्या हवेत म्हणाले,

"रामराम, पिराजी. मी हंबीरराव."

धैर्यशीलच्या बाजूचे लोकसुद्धा जागच्या जागी थिजले. असं कधी बघितलं नव्हतं.

पिराजीनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग साहेबांकडं वळून ठामपणे म्हणाला,

"ह्ये न्हवंत, सायेब."

"अहो, ते स्वतः सांगतायत."

"सोंग घेतलंय कुणीतरी, मला फशिवायला. आवाज त्यांचा न्हाय. आन दुसरं म्हंजे, हंबीरराव कदी आदी रामराम घालत न्हाईत. तीस वर्सं बघतोय की मी." त्यानं पुन्हा ओळीवरून नजर फिरवली. आण्णा आपला नेहमीसारखा मान ताठ करून, ओठ मिटून बसला होता. पिराजीचा चेहरा उजळला. "ह्ये बघा. ह्येच हंबीरराव. रामराम!"

आण्णानं सवयीनं मान हलवून रामराम घेतला.

हॉलचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. त्या हशातून धोंडुबाईचा आवाज फुटला, "आवो, त्येच हंबीरराव! ज्यांनी पयला रामराम घातला त्येच!"

"बाहेरून सांगायचं नाही, बाई," साहेब म्हणाले, आणि अर्जावर आडवी रेघ ओढली. एकच अर्ज उरला. धैर्यशील बिनविरोध.

हार घालून घेतल्यावर धैर्यशील पहिल्यांदा पिराजीकडं गेला. "मामा, मी धैर्यशील. रामराम. रागावलासा न्हवं?" ते बघून हंबीररावांच्या ध्यानात आलं, की हे पोर कित्येक वर्षं नकळत डॉक्टरांचंच औषध गावभर वाटत होतं.

त्याच दिवशी दुपारी धोंडुबाईनं गावाला सगळं सांगून टाकलं. वचनाची मुदत संपली होती. गावानंही आढेवेढे घेतले नाहीत. आता पिराजी रस्त्यानं निघाला की बेचाळीस उंबऱ्यांवरून हाका येतात. अमक्याचा तमका, रामराम. तमकीची सून, रामराम. पिराजी मान हलवत जातो. हंबीररावांच्या सिद्धांतानं बघायचं तर गावातला सगळ्यात मोठा माणूस आता तोच. म्हशी दाखवायला तर लोक आधीपेक्षा जास्त येतात. ज्याला माणसाचं तोंड दिसत नाही तो कुणाच्या तोंडाकडं बघून किंमत सांगत नाही, असं म्हणतात.

हंबीररावांची मिशी महिनाभरात भरून आली, आवाजही आला. ते रोज संध्याकाळी पिराजीकडं जातात आणि अंगणातूनच म्हणतात, "पिराजी, मी हंबीरराव. रामराम."

"कळलं की," पिराजी म्हणतो. "मिशी लांबनंच दिसली. उगं कशाला वरडायलाय?"

सहा महिन्यांनी डॉ. इरावतींचा लेख कुठल्याशा मोठ्या इंग्रजी मासिकात छापून आला. त्यांनी एक प्रत पाठवली, सोबत मराठीत चिठ्ठी. लेखात पिराजीचं नाव नव्हतं. एकसष्ट वर्षांचा एक दूध उत्पादक, एवढंच. धोंडुबाईही एका वाक्यात होती: पत्नीनं माहितीला दुजोरा दिला. आणि चिठ्ठीत खास कळवलं होतं, की हे लक्षण प्रथम रुग्णाच्या परिचयातील एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या लक्षात आले, असा उल्लेख आवर्जून केला आहे.

हंबीररावांनी ती चिठ्ठी पिराजीच्या अंगणात बसून वाचली. आतून बांगड्या वाजल्या. धोंडुबाई चहा घेऊन उंबऱ्यात आली आणि थांबली. पिराजीनं वर बघितलं. वाट बघत राहिला.

"मी," ती म्हणाली. "धोंडू."

"व्हय व्हय, ये की."

त्या संध्याकाळी ओसरीवर हंबीररावांनी नेहमीचा हिशेब मांडला. खुर्ची आपली गेली, ती सगळ्या गावाला दिसली. डॉक्टरणीला लेख मिळाला. धैर्यशीलला हार मिळाला. पिराजीला बेचाळीस उंबऱ्यांचे रामराम मिळाले. गावानं एकेकदा नाव सांगितलं आणि आपापल्या कामाला लागलं. राहिली धोंडुबाई. नागपंचमीपासून दिवसातून दहा-बारा वेळा, चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला आपलं नाव सांगायचं, आणि उत्तर येईपर्यंत उंबऱ्यात थांबायचं. हंबीररावांनी दिवस मोजले, गुणायला घेतलं, आणि मध्येच सोडून दिलं. आकडा फार मोठा यायला लागला होता. तिच्या नावावर जमेला बघितलं तर हिरवी लुगडी दोन. आणि लक्षण पहिल्यांदा ओळखल्याचा मान तर आपण घेऊन बसलो होतो.